गोव्याच्या हवेत सीपीयू कूलर: एके४०० कुठवर पुरतो, कुठे कमी पडतो

म्हापशाच्या बाजारात ‘एअर कूलर आहे का?’ असं विचारलं, तर दुकानदार पाण्याची टाकी आणि खाली चाकं असलेला, खोलीत ठेवायचा कूलर पुढे ओढणार. त्यात त्याची चूक नाही, नावच तसं आहे. पीसीच्या प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता काढणारा कूलर हवा असेल तर ‘सीपीयू कूलर’ किंवा ‘टॉवर कूलर’ म्हणावं आणि सोबत प्रोसेसरचं नाव नि सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) सांगावा. पाण्याचा तो कूलर गोव्यात तसाही फारसा कामाचा नाही. हवेतच इतका दमटपणा की पाणी उडून जाणार कुठे? पीसीच्या शेजारी तर तो ठेवूच नये, सगळा ओलावा थेट कॅबिनेटमध्ये जातो.

हे परीक्षण मुख्यतः डीपकूलच्या एके४०० या कूलरचं आहे. साधारण दोन-अडीच हजारांत येतो, बहुतेकांच्या यादीत असतोच, आणि त्याच्याभोवतीच खरा प्रश्न फिरतो: एवढ्यावर भागतं, की अजून पैसे घालायचे? भागतं, बहुतेकांचं. पण खोक्यावर छापलेल्या आकड्यामुळे नव्हे.

आधी अंगकाठी. एकच टॉवर, म्हणजे पातळ पत्र्यांचा (फिनांचा) उभा गठ्ठा, प्रोसेसरची उष्णता त्या फिनांत नेणाऱ्या ६ मिलिमीटर जाडीच्या चार हीटपाइप, पुढे १२० मिलिमीटरचा एक पंखा. उंची १५५ मिलिमीटर, वजन साधारण ६६० ग्रॅम. पंखा चार पिनांचा पीडब्ल्यूएम, म्हणजे बोर्ड ज्याचा वेग कमीजास्त करू शकतो असा, मिनिटाला ५०० ते १८५० फेरे, बेअरिंग फ्लुइड डायनॅमिक जातीचं. तळाला तांब्याच्या पाइप घासून सपाट केलेल्या आहेत आणि त्याच थेट प्रोसेसरच्या झाकणावर बसतात. मध्ये वेगळी तांब्याची पट्टी नाही. पेस्ट कंपनीनेच लावून दिलेली असते. कंपनी म्हणते २२० वॅट. हा आकडा वाचायचा आणि बाजूला ठेवायचा.

कारण ‘अमुक वॅट झेपतात’ हे खोलीचं तापमान आणि प्रोसेसरचं तापमान सांगितल्याशिवाय अर्धंच वाक्य आहे. हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेखाली नेऊ शकत नाही. तो फक्त हवेच्या वर किती अंश राहायचं ते ठरवतो. परदेशातल्या चाचण्या २१-२२ अंशांच्या खोलीत होतात. समजा तिथे लोडवर ७२ अंश दिसले, म्हणजे हवेच्या वर ५०. तोच कूलर, तोच प्रोसेसर, तेच काम मे महिन्यात फोंड्याच्या एखाद्या फ्लॅटमध्ये दुपारी तीन वाजता केलं, खोली ३३ अंशांवर असली, तर सरळ ८३. त्यात कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा चार-सहा अंशांनी गरम, विशेषतः ग्राफिक्स कार्ड कामाला लागल्यावर. म्हणजे ८८ च्या घरात. कूलर बिघडला नाही, पेस्ट सुकली नाही, हिशेबच तसा आहे.

इथे एक गैरसमज नेहमी आडवा येतो. ‘पंखा चालू असतो ना वर, मग?’ छताचा पंखा आपल्याला गार वाटतो कारण अंगावरचा घाम वाळतो. प्रोसेसरला घाम येत नाही. पंख्याखालची ३३ अंशांची हवा त्याच्यासाठी ३३ अंशांचीच. एसी २५-२६ वर असला तरच त्याच्या वाट्याला आठ अंशांची सूट येते. म्हणून कूलर निवडताना पहिला प्रश्न हाच: पीसी ज्या वेळी घाम गाळतो त्या वेळी खोलीत एसी असतो का?

दमटपणा मात्र थंडाव्याच्या आड येत नाही. हवा कोरडी असो की ओली, फिनांमधून उष्णता जवळपास सारखीच निघते. दमटपणा त्रास देतो तो दुसऱ्या वाटेने, गंजाच्या. त्याकडे पुढे येऊच.

आता कुठल्या प्रोसेसरला हा पुरतो. रायझन ५ ७६०० ची टीडीपी (कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट, प्रत्यक्षात सॉकेटमधून जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो. एके४०० साठी हे हलकं काम. रायझन ७ ७८००एक्स३डी कागदावर १२० वॅटचा दिसतो, पण गेमिंगमध्ये त्याच्या बराच खाली राहतो. त्याची तापमानमर्यादा ८९ अंश आहे, ती लक्षात ठेवून एके४०० बिनधास्त लावावा. इंटेलमध्ये कोअर आय५ १२४०० एफ, कमाल टर्बोत (वाढवलेल्या वेगात) ११७ वॅट: पुरतो. आय५ १४४०० चा टर्बो १४८ वॅटपर्यंत जातो: गेमिंगला पुरतो, तासभर रेंडर लावला तर पंखा ऐकू येईल. आमच्या मते बिनएसीच्या खोलीत या कूलरवर सलग १२०-१३० वॅटच्या पुढे भरवसा ठेवू नये. एसी असेल तर १५० पर्यंत ओढता येतं.

त्यापुढे तो कमी पडतो. आय५ १३६०० के १८१ वॅट, आय७ १४७०० के २५३ वॅट, रायझन ९ ७९५०एक्स २३० वॅट. इथे एके४०० लावून ‘थ्रॉटल होतं’ (तापून वेग कमी होतो) म्हणून तक्रार करणं म्हणजे स्कूटरवर सिमेंटची पोती लादून चढ चढत नाही म्हणण्यासारखं.

रायझन ७००० च्या एक्स मॉडेलांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण दुकानांत सर्वात जास्त वाद त्यावरच होतात. ७६००एक्स किंवा ७७००एक्स सर्व कोअरवर चालवला की ९० च्या वर जातो, अगदी महागड्या कूलरवरही. उष्णता तयार होते ती जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या चिपलेटमध्ये, म्हणजे चिपच्या छोट्या तुकड्यात, वर जाड झाकण, आणि प्रोसेसरला सांगूनच ठेवलंय की ९५ पर्यंत जा, जमेल तेवढा वेग घे. कूलर मोठा लावला की तापमान उतरायच्या ऐवजी वेग थोडा वाढतो. इथे पैसे खर्चण्याआधी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन इको मोड, म्हणजे कमी वॅटची मर्यादा, लावून पाहा. १०५ वॅटच्या प्रोसेसरला ६५ वॅटच्या इको मोडवर आणलं की सॉकेटची मर्यादा १४२ वरून ८८ वॅटवर येते. गेममध्ये फरक शोधावा लागतो, तापमानात मात्र एका मिनिटात दिसतो. इंटेलच्या बाबतीत हेच काम पॉवर लिमिट करते. अनेक बोर्ड कारखान्यातूनच मर्यादा उठवून येतात, आकडा ४०९६ वॅट दिसला तर समजायचं. १३ व्या, १४ व्या पिढीचा के प्रोसेसर असेल तर कूलरचा विषय काढण्याआधी बायोस अद्ययावत करून इंटेलची डिफॉल्ट सेटिंग लावा. त्यांच्या अस्थिरतेवरचे मायक्रोकोड (बायोसमधून येणाऱ्या दुरुस्त्या) २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आले, त्याआधीच्या बायोसवर ते प्रोसेसर चालवत राहू नये.

आणि प्रोसेसरसोबत फुकट आलेला कूलर? रायझन ५ ७६०० बरोबरचा रेथ स्टेल्थ वाईट नाही, फक्त छोटा आहे. एसीच्या खोलीत ऑफिसचं काम, टॅली, ब्राउझर एवढंच असेल तर बदलू नका. मे महिन्यात गेम खेळणार असाल तर त्याचा पंखा पूर्ण वेगाने रडतो. इंटेलच्या लॅमिनार कूलरचं दुखणं वेगळंच, त्याच्या चार प्लास्टिकच्या खुंट्या. चारपैकी एक नीट अडकलेली नसते आणि वरून सगळं ठीक दिसतं. बोर्ड उलटा करून चारही खुंट्यांची काळी टोकं सारखी बाहेर आलीत का ते पाहिल्याशिवाय कॅबिनेट बंद करू नये.

खाऱ्या हवेचा हिशेब

समुद्राजवळच्या घरातला, मिरामार किंवा कळंगुटच्या बाजूचा, तीनेक वर्षं वापरलेला साधा अॅल्युमिनियमचा टॉवर उघडून टॉर्च मारली तर फिनांच्या कडांवर पांढरी, पिठासारखी बुरशीवजा पूड दिसते. ती बुरशी नव्हे, अॅल्युमिनियमचा गंज. बोट फिरवलं तर खरखरतं. जिथे तांब्याची पाइप फिनमधून आरपार जाते तिथे ती जास्त साचलेली असते, कधी हिरवट झाक घेऊन. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओल, म्हणजे छोटी बॅटरीच झाली, आणि त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. मिठाचा स्वभाव असा की हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की ते आपणहून पाणी ओढून पाझरतं. घरातल्या मिठाच्या बरणीचं पावसाळ्यात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेच फिनांवर बसलेल्या धुळीतल्या मिठाचं होतं, जून ते सप्टेंबर जवळजवळ रोज.

याचा कूलर निवडीशी सरळ संबंध आहे. फिना आणि पाइपवर निकेलचा मुलामा किंवा काळा लेप असलेलं मॉडेल घ्यावं. एके४०० मध्ये ‘झीरो डार्क’ नावाची पूर्ण काळी आवृत्ती येते. दिसायला काळी हवी म्हणून लोक ती घेतात, गोव्यात ती लेपासाठी घ्यावी. दोन-चारशे रुपये जास्त पडले तरी हरकत नाही. साध्या आवृत्तीच्या उघड्या फिना फोंडा-डिचोलीकडे चालून जातील, किनाऱ्याला लागून असलेल्या घरात टाळाव्यात. तळ मात्र दोन्हींत उघड्या तांब्याचाच. तिथे पेस्ट असते म्हणून तो सुरक्षित, पण कूलर काढून महिनाभर कपाटात ठेवला तर तळ काळवंडतो. ठेवायचाच तर पेस्ट पुसून, झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह.

एसीबद्दल एक सावधगिरी. पावसाळ्यात बाहेरची हवा २७ अंश आणि दमटपणा ९० टक्के असला तर २५ अंशांच्या आसपासच्या कुठल्याही वस्तूवर दव धरायला लागतं. रात्रभर एसी २० वर, पीसी बंद, सकाळी उठून खिडक्या सताड उघड्या, की गार पडलेल्या फिनांवर, आणि वाईट म्हणजे बोर्डावर, बारीक ओल येते. गार पाण्याच्या बाटलीला येते तशीच. चालू पीसीत ही भीती नाही, धातू गरम असतो. म्हणून एसी २५-२६ वरच ठेवावा, आणि खिडक्या उघडल्यावर अर्धा तास तरी पीसी लावू नये. चतुर्थीला आठवडाभर गावी जाणार असाल तर पीसी प्लास्टिकच्या कव्हरात गुंडाळून जाऊ नका. आतली ओल आतच राहते. पातळ सुती कापड टाकावं, आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी तासभर नुसता चालू ठेवावा.

खनिज वाहतुकीच्या रस्त्यालगत, डिचोली-साखळीकडच्या घरांत प्रश्न मिठाचा नसून लाल मातीचा असतो. ती बारीक धूळ पावसाळी ओलीत भिजून पंख्याच्या पात्यांच्या पुढच्या कडेवर चिखलासारखी चिकटते, पातं जड होतं, तोल जातो आणि पंखा घुर्र करू लागतो. लोकांना वाटतं बेअरिंग गेलं. बऱ्याचदा ओल्या कापडाने पाती पुसली की आवाज जातो. तिथे दर दोन-तीन महिन्यांनी सफाई, इतरत्र सहा महिन्यांनी. ब्लोअर मारताना एक बोट पात्यावर दाबून धरायचं. मोकळा सोडला तर पंखा वेड्यासारखा फिरतो, बेअरिंग झिजतं आणि उलटी वीज बोर्डात जाऊ शकते.

बसवताना

एके४०० बसवणं अवघड नाही, पण तीन जागी हमखास गडबड होते.

पहिली जागा, मापाची. कॅबिनेटच्या माहितीत ‘कूलरची कमाल उंची’ लिहिलेली असते. १५५ चा कूलर आणि १५५ ची मर्यादा असेल तर घेऊ नका, निदान ४-५ मिलिमीटर मोकळे हवेत. माहिती नसेल तर प्रोसेसरच्या झाकणापासून बाजूच्या दाराच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत पट्टीने मोजा. रॅमचं कोडं सहसा पडत नाही, कारण चार खाचांच्या बोर्डावर दोन रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात, कूलरजवळची पहिली खाच मोकळी राहते. चारही भरल्या असतील आणि रॅमला उंच दिवे असतील तर पंखा क्लिपेवर थोडा वर सरकवावा लागेल, मग कॅबिनेटची उंची पुन्हा मोजा.

दुसरी, सॉकेटची. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटभोवतीची भोकं ७८ मिलिमीटर अंतरावर, जुन्या १२०० आणि ११५एक्स सॉकेटची ७५ वर. एलजीए१८५१ ला १७०० चंच सामान चालतं. बॅकप्लेटच्या (बोर्डाच्या मागे लागणाऱ्या पट्टीच्या) कानांवर दोन्ही मापं असतात, खिळे योग्य खाचेत सरकवले नाहीत तर तिरपे जातात. एएमडीत एएम४ नि एएम५ या दोन्ही सॉकेटवर बोर्डाचीच मूळ बॅकप्लेट वापरायची. वरचे प्लास्टिकचे दोन कंस काढायचे, पण एएम४ वर हे चार स्क्रू काढले की मागची प्लेट सुटून खाली पडते, म्हणून बोर्ड आडवा टेबलावर ठेवून काम करा. एएम५ वर ती प्लेट सॉकेटलाच धरलेली असते, पडत नाही, आणि काढायचीही नसते.

तिसरी, तळावरची पारदर्शक पट्टी. हसू नका. दर वर्षी कितीतरी पीसी ‘चालू करताच ९५ अंश’ म्हणून दुकानात परत येतात आणि कूलर उचलला की खाली ती पट्टी जशीच्या तशी असते, पेस्टीच्या छापासह.

कूलर ठेवायचा तो सरळ वरून, एकदाच. टेकवून परत उचलला तर पेस्टीत हवा शिरते. दोन स्प्रिंगचे स्क्रू आहेत. एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा घेतलात तर तळ एका अंगाला कलतो, पेस्ट तिकडून बाहेर पडते. दोन्ही दोन-तीन आट्यांनी पकडवायचे, मग आळीपाळीने दोन-दोन आटे, जोवर स्क्रू आपणहून थांबत नाही तोवर. थांबल्यावर जोर लावायचा नाही. स्प्रिंगचं काम तेच, दाब तिने ठरवायचा. टोकाला चुंबक असलेला लांब फिलिप्स स्क्रूड्रायव्हर हाताशी असावा. छोट्याने टॉवरच्या फिना वाकतात.

पंख्याची दिशा: उघडी, नक्षीची बाजू हवा आत घेते, आडव्या काड्या नि मोटारीचा स्टिकर असलेली बाजू हवा बाहेर फेकते. ती बाजू टॉवरकडे, आणि टॉवरमधून हवा मागच्या एक्झॉस्टकडे. वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच. चुकून कॅबिनेट फॅनच्या पिनांवर लावली तर पीसी सुरू होताना एरर दाखवून अडतो.

पेस्ट पुन्हा लावायची वेळ आली तर: जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने, चष्म्याच्या कापडाने पुसायची. आधी टिश्यू वापरला तर धागे राहतात. एएमडीच्या चौकोनी झाकणावर मटाराच्या दाण्याएवढा एक थेंब. इंटेल १७०० चं झाकण लांबट, तिथे मधोमध एक रेघ किंवा दोन छोटे थेंब. एके४०० च्या तळाला पाइपांमध्ये बारीक चरे आहेत, थोडी पेस्ट ते पितात, म्हणून सपाट तळाच्या कूलरपेक्षा किंचित जास्त लागते. एएम५ च्या झाकणाला कडेने खाचा आहेत, त्यांत पेस्ट उतरली तर घाबरू नका, नेहमीची पेस्ट वीज वाहून नेत नाही. एमएक्स-४ ची चार ग्रॅमची नळी सात-आठ वेळा पुरते. गोव्याच्या उकाड्यात उघडी नळी टोपण सैल ठेवून ड्रॉवरमध्ये टाकू नका, वर्षभरात तेल वेगळं होतं.

एएम४ वरून कूलर काढताना मात्र घाई नको. आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, प्लग काढा, स्क्रू सोडा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत उचला. सरळ वर खेचला तर प्रोसेसर सॉकेटमधून कूलरला चिकटूनच बाहेर येतो आणि पिना वाकतात. एएम५ ला आणि इंटेलला वरून पट्टी असते म्हणून ही धास्ती नाही.

बसला का नीट, हे कसं ओळखायचं

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, एएमडीत ‘टीडाय’ आणि इंटेलमध्ये ‘सीपीयू पॅकेज’ बघा. खोलीचं तापमान भिंतीवरच्या घड्याळातल्या थर्मामीटरवर का होईना, लिहून ठेवा. सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी चाचणी दहा मिनिटं लावा आणि आकड्यापेक्षा तो कसा चढतो ते पाहा.

दोन-तीन सेकंदांत एकदम ९५ आणि तिथेच खिळला: संपर्काचा दोष. पट्टी, तिरपा स्क्रू, कमी पेस्ट यांपैकी काहीतरी. ७५ वर आला, मग पाच-सात मिनिटांत हळूहळू ८०, ८४, ८८ चढत गेला: कूलर ठीक, कॅबिनेट गुदमरतंय. दार उघडून पुन्हा चालवा. दार उघडल्यावर सहा-आठ अंश उतरले तर नवा कूलर आणू नका, पुढे एक १२० चा इनटेक पंखा लावा. समोर सपाट काच आणि तिच्यामागे तीन रंगीत पंखे असलेली कॅबिनेट इथे फार खपतात. त्यांत हवा बाजूच्या बोटभर फटीतून येते. चार हजारांचा कूलर लावून हे भागत नाही. टेबलाच्या बंद कप्प्यात पीसी ठेवायची पद्धतही तशीच, स्वतःचीच गरम हवा पुन्हा पीत बसतो. मागे वीतभर जागा हवी, आणि जमिनीवर न ठेवता निदान सहा इंच वर. ओल नि धूळ दोन्ही खालीच जास्त.

पंख्याची कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला किती वेग ही सेटिंग, गोव्यासाठी बदलावी लागते, आणि ही गोष्ट कुठल्याच खोक्यात लिहिलेली नसते. बोर्डाची मूळ कर्व्ह बहुतेक ४० अंशांपासून पंखा चढवते. आपल्याकडे खोलीच ३३ ची, प्रोसेसर काहीच न करता ४५-४८ वर. त्यामुळे ब्राउझरची एक टॅब उघडली तरी पंखा ‘हूं’ करून उठतो आणि बसतो. सगळी कर्व्ह आठ-दहा अंश उजवीकडे सरकवा: ५५ पर्यंत ३५ टक्के, ७० ला ६०, ८५ ला १००. सोबत ‘स्टेप अप’ वेळ ३ ते ५ सेकंद. हे केल्यावर एके४०० ७० टक्क्यांपर्यंत ऐकू येत नाही म्हटलं तरी चालेल. त्यावर हवेचा आवाज येतो, किरकिर नाही. ज्यांच्या खोलीत पंखा तीनवर फिरतोय त्यांनी आवाजासाठी जास्त पैसे घालायची गरजच नाही.

इतर पर्याय

थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई हा एके४०० ला कमी समजणाऱ्यांसाठी. दोन टॉवर, सहा हीटपाइप, दोन पंखे, उंची तीच १५५, पाइप नि तळ निकेलचे. एके४०० च्या दीडपट-पावणेदोनपट पैशांत हा मिळतो आणि १८०-२०० वॅटपर्यंत डोकं शांत ठेवतो. १३६०० के असेल तर सरळ हाच. बसवताना मधला पंखा आधी काढावा लागतो, कारण स्क्रू त्याच्याखाली लपलेत, आणि त्याच्या तारेच्या क्लिपा परत अडकवताना बोटं सोलतात. पुढचा पंखा रॅमवर येतो. खरं सांगायचं तर किंमत नि काम यांचा मेळ पाहता हाच सरस कूलर आहे. एके४०० च्या बाजूने बोलतो तो बसवण्याचा सोपेपणा, आणि बहुतेकांना त्याहून जास्त लागत नाही ही गोष्ट.

कूलर मास्टरचा हायपर २१२ नावाने अजून विकला जातो. नव्या आवृत्त्या बऱ्या आहेत, पण याच पैशांत एके४०० जास्त देतो. आयडी-कूलिंगचा एसई-२१४-एक्सटी १५० मिलिमीटर उंच, चार पाइप, स्वस्त. ७६०० किंवा १२४०० साठी हात आखडता असेल तर घ्यायला हरकत नाही.

नॉक्टुआ एनएच-डी१५: १६५ मिलिमीटर, पंख्यांसह १३२० ग्रॅम, सहा वर्षांची वॉरंटी, नवा सॉकेट आला की पुरावा दाखवून जोडणीचं सामान फुकट. चीज उत्तम. पण पंधरा हजारांच्या प्रोसेसरवर हे लावणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. रोज आठ तास रेंडर करणाऱ्या, आवाज अजिबात नको असलेल्या माणसाने घ्यावं.

आणि पाण्याचे एआयओ, म्हणजे पंप नि रेडिएटर जोडलेले तयार कूलर? १४७०० के आणि त्यावर सलग काम असेल तर ३६० मिलिमीटरचा घ्या, नाही तर नको. एअर कूलरमध्ये बिघडण्यासारखा एकच भाग, पंखा, आणि १२० चा पंखा मडगावात त्याच संध्याकाळी मिळतो. एआयओचा पंप गेला की अख्खं युनिट वॉरंटीला पाठवायचं, आणि तोवर पीसी बंद.

विकत घेताना खोक्यावर एएम५ आणि एलजीए१७०० दोन्ही छापलेत का ते दुकानातच बघा. २०२१ च्या आधीचा माल अजून कपाटांत पडलेला असतो, त्यात ७८ मिलिमीटरचं सामान नसतं, आणि ‘चालतं ते’ म्हणून दिला जातो. ७५ ची पट्टी ओढूनताणून बसवली तर दाब एका बाजूला येतो. इथल्या दुकानांत सहसा दोन-तीनच मॉडेलं हजर असतात, बाकीची मुंबईहून किंवा बेळगावहून मागवून देतात. चार दिवस थांबा, पण जे हवं तेच घ्या. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या. नुसतं ‘सीपीयू फॅन’ लिहिलेलं बिल वॉरंटीला कामी येत नाही.

जोडलेला पीसी चोर्ला घाटातून गाडीने आणणार असाल तर कॅबिनेट उभं ठेवू नका. आडवं झोपवा, बोर्ड खाली नि कूलर आभाळाकडे तोंड करून, खाली जुनी गोधडी. उभ्या कॅबिनेटमध्ये दर खड्ड्याला टॉवरचं सगळं वजन चार स्क्रूंवर लोंबतं. एके४०० एवढं सोसेल, दीड किलोचा जोडटॉवर बोर्ड वाकवील. कुरियरने पाठवायचाच झाला तर कूलर काढून वेगळ्या खोक्यात, आणि पोचल्यावर नवी पेस्ट.